गच्चीवरचा चुना

घरात कुणाला हे माहीत नाही. बहिणीला नाही, नवऱ्याला तर नाहीच – त्याने ते प्रशस्तिपत्र हौसेने फ्रेम करून बैठकीत लावलंय, त्याला काय सांगू? पण तुम्ही अनोळखी आहात. तुमच्यापुढे बोलायला जीभ थोडी सैल सुटते.

मी सरकारी नोकरीत, विजेच्या कामांची अभियंता. माहेर एरंडोलचं, नोकरी धुळ्याला. काही वर्षांपूर्वी वरून आदेश आला, जुन्या सरकारी इमारतींमधला विजेचा वापर कमी करा. नवी इमारत असली तर नकाशातच सोय करता येते. पण जी उभी आहे, वैशाखात तव्यासारखी तापते, तिचं काय करणार? आम्ही ट्यूब काढून एलईडी लावले, जुने घरघरणारे पंखे बदलले, फॉर्म भरले. काम झालं असं आम्हाला वाटलं.

तसं वाटलं नाही ते फक्त सुखदेव आबांना. आबा आमचे वायरमन, नरडाण्याजवळच्या खेड्यातले. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की हात थांबत नाही. कुठल्या खोलीत कधी ऊन येतं हे त्यांना तोंडपाठ. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येक टेबलाजवळून फिरून बटणं बंद करायचे, आणि हे करताना एकालाही कधी टोचून बोलले नाहीत. मी हातात यंत्र घेऊन छताचं तापमान मोजायची. आबा चप्पल काढून गच्चीवर पाय ठेवायचे आणि यंत्राआधी सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर. मला थोडा रागच यायचा – खोटं कशाला बोलू?

एकदा चहा पिताना ते म्हणाले, ‘‘ताई, आमना गावले धाबानं घर शे. दर साल पानी पडाना आगोदर वर पांढरी खारी टाकतस. गळत बी नही नि तपत बी नही. तुम्ही हो म्हना, मी बठ्ठी गच्ची पांढरी करी देसू.’’

धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर, पांढरी खारी माती पसरतात, ते मीही लहानपणापासून बघितलेलं. सिमेंटच्या स्लॅबशी त्याचं नातं जोडावं हे मात्र मला सुचलं नव्हतं. इतकी पुस्तकं वाचून नाही सुचलं! मी म्हटलं, मारा चुना, मंजुरीची टिपणी मी मागून टाकते. आमच्याकडे कामं अशीच होतात. आधी तोंडी, कागद सवडीने.

शनिवार-रविवार, दोन दिवस आबा एकटे वर होते. चुन्यात मीठ आणि बाभळीचा डिंक कालवून त्यांनी सगळी गच्ची दोनदा सारवली. सोमवारी मी वर गेले तर डोळे दिपले. कोपरान् कोपरा इतका नेटका, की पाय ठेवायला जिवावर आलं. मी खाली येऊन लगेच टिपणी लिहिली. सही केली. आणि ती ड्रॉवरमध्ये ठेवली, उद्या देऊ म्हणून.

तो उद्या उजाडला आणि मोठे साहेब आले. त्या गच्चीवर नुकतंच वॉटरप्रूफिंग झालेलं, आणि ठेकेदार म्हणत होता की वर चुना मारला, आता माझी हमी संपली. साहेब भडकले होते. सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणाच्या परवानगीने?

टिपणी चार पावलांवर होती. चार पावलं! मी म्हटलं, ‘‘मला कल्पना नाही, सर.’’

आबा शेजारीच उभे होते. नखांत चुना तसाच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, आजारी माणसाकडे पाहावं तसं. मग म्हणाले, ‘‘चुकी मनी शे, साहेब. मी कोनले इचारं नही.’’

त्यांना लेखी ताकीद मिळाली, सेवापुस्तकात शेरा गेला. इतक्या वर्षांच्या नोकरीतला पहिला आणि एकच. स्वच्छ सेवापुस्तकाचा त्या माणसाला केवढा अभिमान! आणि मी काय केलं? घरी जाण्याआधी ती टिपणी फाडली. बारीक बारीक तुकडे केले.

चुना खरवडला तर खालचा थर निघेल म्हणून तो तसाच राहिला. उन्हाळा आला. जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या वरच्या मजल्यावरच्या बायका दुपारी डोक्यावर ओला रुमाल ठेवून बसायच्या. त्या साली रुमाल लागलेच नाहीत. कुलर अर्धा दिवस बंद. विजेचं बिलही खाली आलं. तोवर साहेब बदलून गेले होते, आणि नव्यांनी अहवालात नवा उपक्रम मागितला. मी लिहिलं – छतावर परावर्तक लेप, संकल्पना माझी. आयत्या बिळावर नागोबा. प्रशस्तिपत्र मिळालं. जळगावच्या प्रशिक्षणात मी त्यावर भाषण दिलं, धाब्याचं उदाहरणसुद्धा दिलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबा रोज भेटत होते. रोज ‘ताई’ म्हणत होते. एक शब्द वाकडा नाही. कुठून आणतात माणसं एवढं मोठं मन? मला अजून कळलेलं नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाचं भाषणही मीच केलं. चांगलं केलं. नंतर त्यांच्या पत्नी, अक्का, माझ्यापाशी आल्या. निवृत्तीच्या कागदांमध्ये त्यांना तो शेरा कुणीतरी वाचून दाखवला होता.

‘‘ताई, यास्नी काय चुकी करी व्हती? माले काहीच सांगं नही. माले वाटनं, काहीतरी वाईटच करेल व्हई.’’

म्हणजे घरीसुद्धा नाही. बायकोलाही त्यांनी माझं नाव सांगितलं नव्हतं. ती बाई आता आपल्या नवऱ्याविषयी वाईट विचार करत माझ्यासमोर उभी होती, आणि खरं काय ते त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. आबा पलीकडे खुर्च्या रचत होते. स्वतःच्याच निरोपसमारंभाच्या खुर्च्या.

‘‘जुनी गोष्ट आहे, अक्का,’’ मी म्हटलं, ‘‘झालं गेलं, विसरून जा. आबांना माफ करा.’’