भोरच्या भाड्याच्या खुर्च्या

आमच्या ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त होतात. एक सांगून होईपर्यंत दुसरा जिना चढत असतो! राजवाड्याच्या ह्या गावात पुण्याच्या एका मॅडमनी अख्खा मजला सजवून केबिन भाड्यानं द्यायला काढल्यात. रोज पुण्याला जाऊन-येऊन कंटाळलेली माणसं हितं येऊन बसतात. चहा आणि साफसफाई माझ्याकडं. माझी ईश्वरी तीन वर्षांची. सासूबाई रानात, म्हणून ती माझ्यासंगं. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "पोरीची तक्रार आली, तर दुसरी बाई बघीन." तेव्हापासून माझा अर्धा जीव कायम तिच्यात.

*

हिर्डोशीचे एक आजोबा एसटी चुकली की आमच्या एसीत येऊन बसतात. एकदा म्हणाले, "पोरी, हितं भाड्यानं देता तरी काय?"

"खुर्ची, टेबल, लाईट, नेट, चहा."

"आन् भाडेकरू काय आणतो?"

"लॅपटॉप."

"एवढंच? मग भाडेकरू कसला, घरजावई म्हण की!"

*

वेल्ह्याच्या एका पोरानं तासाभरासाठी मीटिंग रूम घेतली. बघते तर मुलगी बघायचा कार्यक्रम! आपलं ऑफिस दाखवायला पोरीकडच्यांनाच बोलावलेलं. मोठ्या खुर्चीत ऐटीत बसला. पोरीचे वडील खूश. पोरीनं एकच प्रश्न विचारला, "वायफायचा पासवर्ड काय हो?"

तो माझ्याकडं वळला. "ताई, काय हो पासवर्ड?"

तरी लग्न जमलं. पोरगी म्हणे, "न लाजता विचारतो तरी!"

*

ईश्वरीला जिथं भोक दिसेल तिथं बोट घालायची सवय. मला झोप लागंना. एका संध्याकाळी मी मजल्यावरच्या सगळ्या सॉकेटवर चिकटपट्टी मारून टाकली. सकाळी बघावं तर सगळे भाडेकरू टेबलाखाली गुडघ्यावर, नखांनी पट्ट्या खरवडतायत!

मॅडमनी कपाळाला हात लावला. "पूजा, अगं लोक हितं लाईटसाठीच येतात!" मग हसू आवरून म्हणाल्या, "सोमवारी पुण्याची कंपनी सगळा मजला बघायला येतेय. त्या दिवशी पोरगी दिसता कामा नये. दिसली, तर तुझं काम गेलं समज."

*

सोमवारी ईश्वरीला शेजारच्या काकू सांभाळणार होत्या. सकाळी त्यांच्या दाराला कुलूप! काय करते? आणली तिला. फोनवर बोलायला आमच्याकडं एक छोटी खोली आहे, दाराला काच, आतला आवाज बाहेर येत न्हाई. तिथं गोधडी टाकून तिला बसवलं.

कंपनीचे साहेब मजला बघत फिरले. इतक्यात त्यांचा फोन वाजला आणि ते नेमके त्याच खोलीत शिरले. दार लागलं. मॅडम माझ्या शेजारीच.

काचेतून दिसत होतं. साहेब काहीतरी बोलले. ईश्वरीनं मान हलवली, न्हाई. साहेबांनी हात जोडले. परत न्हाई. मग त्यांनी फोन खिशात टाकला, बूट काढले आणि गोधडीवर मांडी घालून बसले.

मॅडमनी माझ्याकडं असं बघितलं, की मी मनातल्या मनात घरीच पोचले.

बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले. बूट हातात.

"मजला घेतला," ते म्हणाले. "फक्त ही खोली सोडून. आतल्या बाई जागा सोडायला तयार नाहीत!"