पितळी पिन, लोखंडी पिन

माझे वडील भाईदास, म्हणजे आमचे नाना, एरंडोलच्या बसस्टँडमागे चाळीस वर्षं वस्तरे दुरुस्त करतात. सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड घालायचा वस्तरा आला, तरी जुने न्हावी त्यांच्याकडे येतातच. गंज काढायचा, धार लावायची, फुटलेली मूठ बदलायची आणि पातं मुठीत धरून ठेवणारी पिन नवी ठोकायची. आपल्या पिनेचा वस्तरा कधी खुळखुळत नाही, हे नाना पहिल्या भेटीतच ऐकवतात. चूक कबूल करण्याची मात्र त्यांना सवय नाही.

दिवाळीनंतर सुकदेव आप्पांनी दोन वस्तरे आणून दिले. आप्पा आमच्या गल्लीचे न्हावी. एक वस्तरा लेकरांच्या जावळाचा, दुसरा दहाव्याच्या मुंडणाचा. एकाचं काम दुसऱ्यानं करायचं नाही, हा त्यांचा बापापासूनचा नेम. पाती सारखीच, ओळख फक्त पिनेवर: जावळाच्याला पितळी, दहाव्याच्याला लोखंडी.

नाना एका वेळी एकच वस्तरा उघडतात. त्या दिवशी घाईत दोन्हींच्या पिना काढल्या, पाती एकाच डब्यात रॉकेलमध्ये टाकली आणि घासूनपुसून झाल्यावर दोन हातांत दोन पाती घेऊन बसून राहिले. मी दीपनगरहून सुटीला आलो होतो.

"यातलं जावळाचं कोणतं?" मी विचारलं.

"तू गप ऱ्हाय," नाना म्हणाले आणि अंदाजानं पिना ठोकल्या.

आप्पांना सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी दोन्ही बाजूला ठेवून नवा घेतला असता. पण नानांचा ताठा आडवा आला, आणि मीही तोंड उघडलं नाही. आप्पांनी पिना निरखून "झकास" म्हटलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या सात महिन्यांत गल्लीत चार जावळं झाली. दर आमंत्रणाला नानांचं पोट बिघडायचं. शेजारच्या झुंबरबाई नातवाच्या जावळाच्या जेवणाचं ताट घेऊन स्वतः आल्या, तर नाना मागच्या दारानं निघून गेले. लोखंडाला काय कळतं, असं मी त्यांना म्हणून पाहिलं. त्यांना ते पटलं नाही. खरं तर मलाही पटलं नव्हतं.

मग माझ्या लेकीचं, भूमिकाचं जावळ आलं. ओट्यावर गल्ली जमली. भूमिका मामाच्या मांडीवर बसली. आप्पांनी तिचं डोकं भिजवलं, पितळी पिनेचा वस्तरा उघडला, आणि नानांनी त्यांचं मनगट धरलं.

"थांब, सुकदेव. मना हातथीन पात्यास्नी गफलत व्हयनी. हाऊ दहावाना बी राहू शकस."

आप्पांनी वस्तरा मिटला. "कधी कयनं तुले?"

"त्याच दिन."

आप्पा आवाज न चढवता म्हणाले, "सात महिना गल्लीना पोरेस्ले चालनं, नी तुन्ही नातले नही चालस?"

झुंबरबाई नातवाला कडेवर घेऊन समोरच उभ्या होत्या. महिन्याभरापूर्वीच त्याचं जावळ झालं होतं, डोक्यावर नुसती लव होती. त्यांनी त्याच्या डोक्यावर पदर ओढला आणि न जेवता घरी निघाल्या.

आम्ही कुणीच त्यांना थांबवलं नाही. कोणत्या तोंडानं थांबवणार होतो?