मायच्या कानाची मशीन

माझ्या सासूला मी माय म्हणते. मी चौथी शिकलेली आहे. लिहिते तेव्हा वही पिठाच्या डब्यामागे ठेवते. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही, म्हणून इथे लिहिते.

मायला सात-आठ वर्षांपासून ऐकू येत नव्हतं. धरणात जुनं गाव गेलं आणि आम्ही पुनर्वसनात आलो, त्यानंतर कान जास्तच गेले. पण ग्रामसभा तिने सोडली नव्हती. कोतवाल दवंडी देऊन गेला की मी तिला खुणेने सांगायची आणि ती लुगडं बदलून निघायची. एकदा सभेत गल्लीतल्या दिव्यांची गोष्ट चालली होती. माय उभी राहून म्हणाली, "नळ सकाळी सोडा, दुपारी कोण पाणी भरते?" सगळे हसले. मागून एक जण म्हणाला, "बुढीले दिवा लावून पाणी पाजा." मी पदर तोंडावर घेतला. त्यानंतर दवंडी झाली तरी मी तिला सांगितलं नाही. तिला वाटलं असेल, सभा होणं बंद झालं.

मग एका दुपारी सरकारी दवाखान्याची आशाताई वही घेऊन आली. माय ओट्यावर सुपात लाखोरीची डाळ निवडत होती.

"म्हाताऱ्या माणसाईची यादी करून राहिलो. तपासणी होईल, मग कानाची मशीन फुकट भेटते. आजीले ऐकू येते का?"

माय दोनच हातांच्या अंतरावर बसली होती, पण तिला काही कळत नव्हतं. ती आशाताईकडे बघून हसली.

मी म्हणाले, "येते थोडं थोडं. राहू द्या."

"पाहा बरं. मंग म्हणाल, सांगतलं नाही."

आशाताई गेल्यावर मायने विचारलं, "काय म्हणे व?"

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगितलं, "पोलिओच्या डोसचं."

"आपल्या घरी कोण लहान आहे आता?" असं म्हणून ती पुन्हा लाखोरी निवडू लागली.

मी असं का केलं ते मला माहीत आहे. सभेची लाज होतीच, पण तेवढंच नव्हतं. लोकांत माझं तोंड उघडत नाही. घरात मात्र, मायला ऐकू येत नाही म्हणून, मी चुलीपाशी मनातलं सगळं बोलायची. नवऱ्याचं, माहेरचं आणि तिचंसुद्धा. ती समोर बसलेली असायची आणि मी तिच्याच तक्रारी तिच्यासमोर करायची. तिला ऐकू आलं असतं तर माझं बोलणं बंद झालं असतं.

दिवाळीनंतर मायची जुन्या गावातली मैत्रीण आली. तिच्या कानात मशीन होती. ती ओरडून म्हणाली, "तू काहून नाही आली व तपासाले? घरोघरी विचारून गेली ना ते आशाबाई."

मायने माझ्याकडे बघितलं. मी चहाचं भांडं उगाच ढवळत राहिले. मग ती म्हणाली, "मलेच बरं नव्हतं. हे तर चल म्हणत होती."

मैत्रीण गेली. माय सूप घेऊन पुन्हा ओट्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत गेले. चार माणसं बसली होती. मी दाराशी इतका वेळ उभी राहिले की शिपाई म्हणाला, "बाई, काम सांगा, नाही तर सावलीत बसा." मी सांगितलं. माझं बोलणं ग्रामसेवकाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने नाव लिहून घेतलं. तालुक्याच्या पुढच्या शिबिराला मी मायला एसटीने नेलं. मशीन मिळायला उन्हाळा लागला.

मशीन लावली त्या दिवशी माय चुलीपाशी येऊन बसली. मी भाकर थापत होते.

"बोलत नाहीस काहून?" ती म्हणाली. "आधी तं भाकरी टाकतानी सारखी बोलत राहे. तुहे ओठ हालताना दिसत होते मले."

मी भाकर उलटवली.

"काय बोलत होती एवढी वर्षं?"

मी म्हणाले, "काही नाही, माय. असंच."

ती मान हलवून म्हणाली, "बरं. आता दवंडी मीच ऐकीन. तुले सांगाची गरज नाही."