पिशवीतला चहा आणि पालीचं स्थळ

मित्रांनो, आज डोक्यावरचं लई मोठं ओझं उतरलं.

वर्षभर मी ट्रकवर फिरतोय. वाटेवरच्या चौसाळ्यात टपरीवर गरम चहा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घ्यायचा आणि कोपरा दातानं तोडून प्यायचा, ही सवय. भजी पण तिथली भारी, असो. मागं कुणीतरी ग्रुपवर टाकलं, की गरम प्लॅस्टिकनं पुरुषांचे हार्मोन कमी होतात. मला तर कायम थकवा, दाढीही विरळ. भीतीनं मी पाली गावच्या मुलीच्या स्थळाला होकारच कळवला न्हाई.

शेवटी रक्त तपासलं. आज बीडच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला.

"हार्मोन ठीक आहेत. झोपतोस किती?"

"चार तास."

"मग थकणारच. प्लॅस्टिकनं परिणाम होऊ शकतो म्हणतात, गरम चहा त्यात घेऊच नको. पण तुला काही झालेलं नाही."

"आन दाढी?"

"वडलांची कशी आहे?"

वडलांचीबी विरळच; आठवड्यातून एकदाच दाढी करतात, तीबी सणासाठी केल्यासारखी.

बाहेर येऊन आईला फोन लावला, "पालीला होकार कळव."

"मग इतके दिवस का म्हून थांबलतास रे?"

चहाचं काय सांगणार तिला? स्टीलचा थर्मास घेतला आणि घरी निघालो.

तुमीबी असलं काही मनात धरून गप बसलाय का?