मामाजींची किडकी भेंडी

मामाजी गुरुवारी सकाळी गेले. मामाजी म्हणजे माझे सासरे, सक्करदऱ्याचे विणकर. त्या दिवशी माग चालला नाही. घरातल्या पाळीव खारींना भाजी त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या पत्नीने, सुमनने घातली.

त्यांच्या अंगणात कडूनिंब होता. वादळ झाले की घरट्यातून खारीची पिल्ले खाली पडत. मामाजी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून ती वाढवत. एका वेळी दोन खारी घरात असत आणि त्यांची नावे ठरलेली होती, ताना आणि बाना. खारी बदलत, नावे तीच राहत. मागावर त्या हुंदडत, सूत कुरतडून घरट्यासाठी पळवत. तुटलेला धागा जोडत मामाजी म्हणत, "घे गा घे, तुह्या बापाचाच कारखाना आहे."

आधीची एक ताना फुलकोबी खाऊन संध्याकाळपर्यंत मेली होती. कोबीवर कीड मारायची पावडर मारलेली होती, असे मामाजींनी ठरवले. तेव्हापासून ते भाजी सूत पारखावे तशी पारखत. अंगठ्याने घासत, उजेडाकडे धरत, देठ हुंगत. कांदा-लसूण खारीला वर्ज्य. हिरवट बटाटा वर्ज्य. ओली पालेभाजी दिली तर पोट फुगते, म्हणून ती आधी दोरीवर वाळत घालायची. सासूबाईंच्या लुगड्याशेजारी पालक वाळताना मी पाहिला आहे.

बाजारात मात्र ते अळीचे भोक शोधत. भाजीवाली वैतागे. "काकाजी, साजरी भेंडी सोडून किडकी काहून निवडून राह्यले?"

"किडे जेवून गेले ना वं बाई, म्हंजे पंगत चांगली आहे."

किडके काढून टाकून उरलेले खारींना मिळे आणि खारींनी टाकलेले घरच्यांना. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "आमच्या इथं पयले किडे जेवते, मंग खारी. माहा नंबर लय मांगं आहे."

हे सगळे मला नंतर कळले. पहिली भेट झाली तेव्हा मी मुलगी पाहायला गेलो होतो. खरे म्हणजे सुमनला मी एका लग्नात आधीच पाहिले होते आणि मनाने होकार दिला होता. वडिलांना ते सांगायचे धैर्य मात्र नव्हते. आमचेही घर मूळचे विणकरांचे. वडिलांनी माग मोडून खाप्याला, कन्हान नदीच्या काठी, भाजीपाला लावला होता. सोयरिकीला जायचे म्हणून त्यांनी मळ्यातली देखणी काकडी, भेंडी, कोबी निवडून टोपली भरली. एकाही भाजीवर डाग नव्हता.

तिथेच चुकले.

पोह्यांच्या बशा समोर आल्या. मामाजींनी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. टोपलीतली काकडी घेतली, घासली, हुंगली आणि एक फोड कापून मागाच्या लाकडावर ठेवली. ताना आली. बाना आली. दोघींनी फोड हुंगली आणि शेपट्या उडवत आढ्यावर निघून गेल्या.

"पाहुणे," मामाजींनी विचारले, "पावडर कवा मारली?"

वडिलांचा चेहरा तांबडा झाला. "आमी पोरगी पाहाले आलो का खारीले सोयरीक इचाराले?"

सोबत आलेल्या माझ्या काकांनी टोपी उचलली. मी पोह्यांतले शेंगदाणे मोजल्यासारखा खाली बघत बसलो. आता उठावे लागणार आणि या घरी पुन्हा येणे नाही, एवढेच मला कळत होते. दाराआडून कोणीतरी हसू दाबल्याचा आवाज आला.

मामाजी शांतपणे म्हणाले, "रागावू नका. तुमी घरी हेच खाता का?"

वडील थांबले. खोटे बोलणे त्यांना जमत नसे. "घरच्याले वायला वाफा आहे. घरामांगं. त्याले काई मारत नाई."

"मंग माही पोरगी कोनत्या वाफ्यातलं खाईन?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिले, मग आढ्याकडे. मग त्यांना हसू आले. "घरच्या."

"बसा मंग. पोहे थंडे होऊन राह्यले."

काकांनी टोपी परत खाली ठेवली.

लग्नानंतर सुमनने सांगितले की पाहुण्यांना त्रास नको म्हणून तिने त्या सकाळी दोन्ही खारींना पोटभर दाणे चारले होते. पावडर असो नसो, त्यांनी काकडीला तोंड लावलेच नसते. मी हे मोठ्या गंभीरपणे मामाजींच्या कानावर घातले.

"मालूम होतं ना जवाईबापू. पोटं पाह्यली नाई का, कशी टम्म झालती? पन तुमच्या बाबाले कुठं मालूम होतं?"

"आणि ते उठून गेले असते तर?"

मामाजींनी मागाच्या धोट्यात सुताची कांडी भरली. "गेले असते तं पोरगी घरीच राह्यली असती. खारीले मी चुकून चारलं होतं. पोरीच्या बाबतीत चुकाचं नोतं मले."

पुढे वडील त्यांना घरच्या वाफ्यातली भेंडी पाठवू लागले. मामाजींचा निरोप येई, "भोक दिसत नाई. शक आहे." वडील चिडून दुसऱ्या खेपेला मुद्दाम अळ्यांसकट पाठवत. दोघांची मैत्री अशीच टिकली.

वडील मामाजींच्या आधी गेले. मळा विकला गेला. खाप्याच्या घरामागचा वाफा मात्र अजून आहे. सुमन आणि मी त्यातलेच खातो.