धोट्यात मुरलेलं मेण

दोन हजार चोवीस साल, माझं वय एकोणऐंशी. वैशाखातल्या भर दुपारी फ्रान्सिसची पुतणी मेरी दारात आली. "मामा, काका चालले. तुमच्यापाशी ठेवलेली मेनबत्ती आना." मी चौथीपर्यंत शिकलेला कोष्टी. पण ही गोष्ट दुसऱ्या कोणी लिहिली तर तो मला सांभाळून घेईल, म्हणून मीच लिहितो.

फ्रान्सिस सुतार होता. महाल भागातल्या आमच्या गल्लीतले हातमाग त्यानेच नीट ठेवले. माझा धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारं लाकूड, तोही त्याच्याच हातचा. दरवर्षी तो टेकडीवरच्या मातेच्या देवळात जायचा. आमच्या आज्यांच्याही आधीचं ते दगडी देऊळ. सोबत मी असायचो, पण पायऱ्यांखाली टपरीवर बसून.

"वर काहून येत नाही गा?"

"वर गुडघे टेका लागते. आपन कोनापुढं टेकत नाही."

"माय हाये ते. तुह्या गुडघ्याचं काय लोनचं घालते?" असं म्हणून तो चप्पल माझ्यापाशी सोडायचा अन् अनवाणी चढायचा.

एका वर्षी उतरताना त्याने फादरने आशीर्वाद दिलेली मेणबत्ती माझ्या हाती ठेवली. त्यांच्यात जाणाऱ्याच्या हाती ती पेटवून देतात. म्हणाला, "पोरं दूर हायेत. माह्या टायमाले तूच लावजो." मी ती कोनाड्यात ठेवली.

मग पावसाळ्यात लाकूड फुगलं. धोटा अडकायचा, धागा तुटायचा, अन् हातातली साडी लग्नाची. मेण घासलं की धोटा सरकतो. हात कोनाड्यात गेला... थोडंसंच, म्हटलं. दोन पावसाळ्यांत नुसती वात उरली. त्याला सांगायचं राहून गेलं असं नाही. मी सांगितलं नाही.

त्या दुपारी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून पांढरी मेणबत्ती आणली, पेटवली, त्याच्या बोटांवर बोटं ठेवून धरली. त्याने डोळे उघडले.

"टेकडीचीच ना गा?"

"मंग कोनती?"

त्याने मान डोलावली. मेण माझ्या बोटांवर ओघळलं... अन् तो गेला.

दीड महिना झाला. अजून रोज हातभर विणतो. लाकडात मुरलेलं मेण जात नाही, धोटा सुळकन पळतो. जाताना म्हणतो, टेकडीचीच ना गा? येताना तेच. माग थांबवला तरी खोलीत कोणी उत्तराची वाट पाहत बसल्यासारखं वाटतं. मेरी म्हणते, "मामा, तुम्ही इतकी वर्षं जपली ती!" मी हो म्हणतो. आता हे वाचून तिला कळेल. कळू दे.

त्याला माती दिली त्याच्या दुसऱ्याच सकाळी मी टेकडीवर गेलो. टपरीवाल्याने विचारलं, "आज एकलेच, बाबा?" मी बसलो नाही. पहिल्या पायरीशी चप्पल सोडली अन् चढलो. वर मातेपुढं पिशवीतून धोटा काढला, नखाने मेण खरवडलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं निघालं. कोनाड्यातली वात त्यात गुंडाळली अन् लावली. ती विझेपर्यंत मी गुडघ्यांवर होतो.