पनवेलच्या बारा गाड्या आणि एक साइडकार

आमच्या मोटारसायकल क्लबात एक गंमत आहे. राइड संपते रविवारी संध्याकाळी, पण ती सांगून संपायला वर्ष लागतं! पनवेलच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. शनिवारी दुकान बंद करायच्या वेळेला दोघे-तिघे मेंबर टेकतात, चहा येतो आणि कोणीतरी म्हणतं, "ते आठवतंय का रे, त्या वेळी..." झालं! मग दुकान बंद व्हायला आणखी तासभर.

लिहून ठेवायचं असं बरेच दिवस मनात होतं. परवा बायको म्हणाली, "एकदाचं लिहून टाका. म्हणजे मला तरी परत परत ऐकावं लागणार नाही." म्हणून हा खटाटोप.

* * *

आमचा पराग करंजाड्याला राहतो, आयटीत आहे आणि क्लबातला सगळ्यात उत्साही प्राणी आहे. त्याने एका हिवाळ्यात सगळ्यांसाठी टी-शर्ट छापून घेतले. राइडच्या दिवशी सकाळी साडेसहाला गठ्ठा फोडला. ज्याने त्याने आपापला साइज शोधला, पोटावर ताणून बसवला आणि निघालो.

सुधागड तालुक्यातल्या एका गावात चहाला थांबलो. समोरच्या घरातून एक सत्तरीचे गृहस्थ लगबगीने बाहेर आले. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, हात जोडले आणि म्हणाले, "या, या! इतक्या लांबून आलात! इतके वाचक एका वेळी मी आजवर पाहिले नव्हते!"

आम्ही एकमेकांच्या छातीकडे बघितलं. 'पनवेल रायडर्स' छापायचं होतं. छापणाऱ्याने इंग्रजीत ठळक अक्षरांत 'पनवेल रीडर्स' छापलं होतं! नव्वद किलोमीटर आम्ही तेच मिरवत आलो होतो. बाकीच्यांचं सोडा, मी चष्म्याचा माणूस, मलाही दिसलं नाही!

गृहस्थ निवृत्त गुरुजी निघाले. गावात त्यांनी वाचनालय काढलं होतं आणि तिथे कोणी फिरकत नव्हतं. त्यांचा तो फुललेला चेहरा बघून खरं सांगायची कोणाची हिंमत झाली नाही. दहा मिनिटांत त्यांनी गावातली पोरं गोळा केली आणि आमच्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला दोन शब्द बोलायला उभं केलं. ते म्हणजे आमचे नाना. करंजाड्याजवळच्या गावातले जुने शेतकरी, आता बांधकामाला रेती-खडी पुरवतात. नानांनी शाळा चौथीत सोडली, ते स्वतःच अभिमानाने सांगतात.

नाना उभे राहिले. घसा साफ केला.

"पोरांनो, आमी रोज वाचतो! ट्रकपासून वाचतो, खड्ड्यापासून वाचतो, मोकाट गुरांपासून वाचतो. वाचलो म्हनून तर आज तुमच्यासमोर उबा हाय! तवा तुमीपन वाचा!"

टाळ्यांचा कडकडाट! गुरुजींनी डोळे पुसले. चौदा पोरांनी त्याच दिवशी नाव नोंदवलं. टी-शर्ट आम्ही बदलले नाहीत. आता दर हिवाळ्यात एक राइड पुस्तकांच्या पिशव्या घेऊन त्या गावाला जाते, आणि भाषण नानांचंच असतं.

* * *

आमच्या क्लबात सगळ्यात सफाईने गाडी चालवतात त्या रोडपालीच्या वैशाली मॅडम. बँकेत मॅनेजर आहेत. घाटात त्या पुढे असल्या की आम्ही त्यांच्या मागून निमूट जातो, कारण त्यांनी घेतलेलं वळण कधी चुकत नाही. त्यांचे यजमान श्रीकांत कॉलेजात गणित शिकवतात. त्यांना गाडी येत नाही. ते मागे बसतात, आणि मजेत बसतात.

एकदा पेणजवळ नाक्यावर हवालदारांनी अडवलं. गाडी मॅडमची, हँडल मॅडमच्या हातात, पण हवालदार थेट श्रीकांतकडे वळले.

"साहेब, लायसन्स?"

"माझ्याकडे नाही."

"घरी राहिलं का?"

"काढलंच नाही. गाडी हिची, पेट्रोल हिचं, बेतही हिचा. मी नुसतं वजन आहे!"

हवालदारांनी मॅडमचे कागद बघितले, सगळे चोख. मग श्रीकांतला जरा बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "साहेब, माझी मुलगी गाडी शिकलीय. मागे बसा म्हणून रोज पाठी लागते. मला भीती वाटते हो. तुम्हाला नाही वाटत?"

"वाटते ना!" श्रीकांत म्हणाले. "म्हणून तर घट्ट धरून बसायला मिळतं!"

* * *

परागकडे जेवढं सेफ्टीचं सामान आहे तेवढं दुकानात नसेल. जाकीट, गुडघ्याच्या वाट्या, कोपराच्या वाट्या, ग्लोव्हज, मानेला पट्टा. हे सगळं चढवायला त्याला वीस मिनिटं लागतात आणि आम्ही तोवर दुसरा चहा घेतो.

एका एप्रिलमध्ये पेणच्या पुढे डोंगराकडेला एका कातकरी वाडीवर पाणी मागायला थांबलो. झोपडीच्या दारात एक म्हातारी आजी बसली होती. तिने परागला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पोळा काढाय आलास का रं बाबा?"

मागच्या आंब्यावर खरंच मधाचं मोठं पोळं होतं. पराग म्हणाला, "नाही आजी, हे गाडीसाठी आहे." आजीला काही ते पटलं नाही. तेवढ्यात तिचा नवरा आला. अंगावर फक्त आखूड पंचा. हातात धुमसती पेंढी घेतली आणि बोलता बोलता सरसर झाडावर! पोळं काढलं, खाली आला, अंगाला एक डंख नाही.

परागला हे सगळं मोबाइलवर घ्यायचं होतं. नीट दिसेना म्हणून त्याने हेल्मेटची काच जराशी वर केली. जराशीच! तेवढ्या फटीतून एक माशी आत गेली आणि ओठाला चावली. ओठ हां हां म्हणता बटाटेवड्याएवढा.

आजीने कसला तरी पाला चोळून लावला. आजोबांनी मध पानावर काढून परागच्या हातात दिला आणि फार गंभीरपणे म्हणाले, "तिची चूक नाय बाबा. एवढा झाकलाय म्हनल्यावर तिला वाटला आसंल, आत कायतरी लई गोड हाय!"

* * *

आता माझी स्वतःची फजिती. दिवेआगरची राइड होती. बायको मागे बसलेली, बाकीचे पुढे निघून गेलेले, आणि माणगावच्या अलीकडे माझी गाडी गपकन बंद पडली. किका मारून पाय दुखला. बायको मागून काहीतरी सांगत होती, पण मी इंजिनात डोकं घातलं होतं.

शेवटी इक्बालभाईंना फोन लावला. इक्बालभाई म्हणजे आमचे मेकॅनिक आणि क्लबाचे जीव की प्राण. पनवेलमध्ये त्यांचं गॅरेज आहे. नुसता आवाज ऐकून ते दुखणं सांगतात, अशी त्यांची ख्याती! त्या रविवारी नेमके ते घरी होते.

"मियाँ, घाबरू नका," ते म्हणाले. "फोन टाकीला लावा. लावला? आता गाडी जरा डावी-उजवीकडे हलवा."

मी हलवली.

"काही ऐकू आलं?"

"नाही, काहीच नाही."

"मलाही नाही. पेट्रोल असतं तर डुचमळलं असतं. टाकी कोरडी आहे तुमची!"

मी फोन खिशात ठेवला. बायको शांतपणे म्हणाली, "मघापासून हेच सांगतेय. पण माझं गॅरेज नाही ना!"

* * *

आमच्या परागला मुलगी बघायला रोह्याला जायचं होतं. हे तो आमच्यासमोर बोलला, तीच त्याची चूक झाली. नानांनी लगेच जाहीर केलं, "पोरगा एकटा जानार नाय!" नऊ गाड्या निघाल्या. परागचे आई-वडील कारने येणार होते, पण वाटेत त्यांना उशीर झाला आणि आम्ही धडधडत आधी पोचलो.

मुलीच्या वडिलांनी खिडकीतून नऊ हेल्मेटं बघितली आणि आतून कडी लावली! पराग दारात उभा राहून "काका, मी पराग, पनवेलचा," असं सांगतोय आणि ते आतून विचारतायत, "बाकीचे कोण?"

एवढ्यात मागच्या दाराने मुलगीच बाहेर आली. सायली तिचं नाव, शाळेत विज्ञान शिकवते. तिने सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवली आणि परागला विचारलं, "यातली तुमची कोणती?"

त्याने दाखवली. तिने चावी मागितली, ओढणी कमरेला बांधली, परागचंच हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि गेली! आम्ही सगळे रस्त्याकडे बघत उभे. वडील एव्हाना कडी काढून बाहेर आले होते. नाना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "घाबरू नका सायेब. गेर कसा टाकला बघितलात ना? पोरगी हुशार हाय!"

पाच मिनिटांनी ती परत आली. स्टँड लावला.

"क्लच घट्ट आहे. आणि चेनला तेल कधी घातलं होतं?"

पराग मान खाली घालून म्हणाला, "विसरलो."

"यापुढे आठवण ठेवाल?"

"हो."

"मग आत या. पोहे गार होतायत."

लग्नाला आम्ही पहिल्या पंगतीला होतो.

* * *

आता इक्बालभाईंच्या अम्मींचं सांगतो.

अम्मी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. माहेर म्हसळ्याच्या पुढे, एका छोट्या गावात. तिथे त्यांचे थोरले भाऊ राहतात. बहीण-भावाचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. मी एकदा इक्बालभाईंना कारण विचारलं. ते म्हणाले, "कारण दोघांनाही आठवत नाही. पण रुसलोय हे मात्र पक्कं आठवतं!"

मागच्या पावसाळ्यात निरोप आला की मामूंची तब्येत बरी नसते. अम्मींनी तीन दिवस कोणाला काही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाल्या, "मला घेऊन चल."

पण नेणार कसं? अम्मींना गाडी लागते. कार असो, बस असो, पनवेल सोडायच्या आत उलट्या. मोकळ्या हवेत बरं वाटतं, पण गुडघे वळत नाहीत, त्यामुळे मोटारसायकलवर मागे बसणं अशक्य.

इक्बालभाईंनी दोन महिने रोज संध्याकाळी गॅरेजचं शटर अर्धं ओढून काम केलं. एका जुन्या मोटारसायकलला त्यांनी साइडकार जोडली. आत गादी, पाठीला लोड, पाय लांब करायला जागा, धरायला दांडी. आरटीओचे सगळे कागद केले. गणपती झाल्यावर रस्ते जरा बरे झाले, तेव्हा आम्हाला बोलावून म्हणाले, "येता का सोबत? एकट्याने न्यायला मला धीर होत नाही."

बारा गाड्या निघाल्या. पुढे वैशाली मॅडम, मध्ये साइडकार, मागे आम्ही. अम्मींच्या डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर माझ्या दुकानातला मोठा काळा गॉगल. पेणपर्यंत त्या डोळे मिटून तसबीहची जपमाळ ओढत होत्या. कोलाडला डोळे उघडून भाताची शेतं बघायला लागल्या. आणि म्हसळ्याच्या अलीकडे त्यांनी इक्बालभाईंच्या दंडाला चिमटा काढला. "जरा जोरात चालव. ती बाई पुढे जातेय!"

गाव आलं. मामू ओट्यावर खुर्चीत बसले होते. पंच्याऐंशीचे, किडकिडीत, हातात काठी. आम्ही गाड्या बंद केल्या.  इक्बालभाई उतरून अम्मींच्या बाजूला आले.

अम्मींनी हेल्मेट काढलं. गॉगल काढला. आधार घेत उठल्या आणि चालत ओट्यापर्यंत गेल्या.

मामूंनी खुर्चीतून पुढे वाकून बघितलं. मग म्हणाले, "जैबू, एवढी फौज घेऊन यायचं काय कारण? नुसतं बोलावलं असतंस तर मीच आलो असतो."

"मग अकरा वर्षं काय करत होतात?"

"वाट बघत होतो."

अम्मी त्यांच्या शेजारी बसल्या. मामूंनी काठी बाजूला ठेवून त्यांचा हात हातात घेतला. घरातली माणसं दारात येऊन उभी राहिली. वैशाली मॅडम दुसरीकडे बघायला लागल्या, नानांनी रुमाल काढला.

थोड्या वेळाने मामूंनी काठी उचलून साइडकारकडे खूण केली. "ते काय आहे?"

"इक्बालने माझ्यासाठी बनवलंय," अम्मी ऐटीत म्हणाल्या.

मामू उठले. कोणाला काही कळायच्या आत अम्मींचं हेल्मेट त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवलं, गॉगल लावला आणि साइडकारमध्ये जाऊन बसले. "चल इक्बाल, गाव दाखवतो तुला."

ते गेले. मशिदीवरून, बाजारातून, खाडीपर्यंत. लांबून हॉर्न ऐकू येत होता आणि मागे धावणाऱ्या पोरांचा गलका. दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. सरबत आलं, खजूर आले, परत यायचं काही नाव नाही!

ओट्यावर बसलेल्या अम्मी वैशाली मॅडमना म्हणाल्या, "बघितलंस? लहानपणीही अगदी असंच करायचा. माझी वस्तू हिसकावून पळायचा!"

मग पदर सारखा करून त्यांनी रस्त्याकडे तोंड केलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "भाईजान! आता माझी पाळी!"